गिटार घडवणारी हत्यारे : कापणारी थोडी, धरणारी फार

घरी गिटार घडवू पाहणारा माणूस प्रथम हत्यारांची यादी मागतो, आणि ती यादी बहुधा करवत, रंधा, पटाशी, ड्रिल अशा लाकूड कापणाऱ्या व कोरणाऱ्या साधनांनी भरून जाते. प्रत्यक्षात या वाद्याच्या घडणीत कापण्याचे काम थोडके असते, आणि मोजण्याचे व धरून ठेवण्याचे काम त्याच्या कितीतरी पट असते. नायलॉनच्या सहा तारा स्वरात लावल्या की शास्त्रीय गिटारवर सुमारे ४० किलोंचा ताण येतो, पोलादी तारांच्या गिटारवर तो ७० किलोंच्या पुढे जातो, आणि हा ताण झेलणारी वरची पाटी, जिला सतार-तंबोऱ्याचे कारागीर तबली म्हणतात, ती अवघी अडीच मिलिमीटरांच्या आसपास जाड असते. इतक्या पातळ लाकडात खिळा मारता येत नाही आणि स्क्रू बसवता येत नाही, त्यामुळे सारे वाद्य चिकटवूनच उभे करावे लागते, आणि चिकटवायचे म्हणजे वाकड्यातिकड्या आकाराचे भाग सरस सुकेपर्यंत अचूक जागी दाबून ठेवावे लागतात. त्यासाठी लागणारी साधने दुकानात सहसा मिळत नाहीत, ती करणाऱ्यालाच करावी लागतात. आणि गिटार घडवण्याच्या उद्योगातील निम्मे काम तिथेच खर्ची पडते.

येथे मुख्यतः स्पॅनिश पद्धतीच्या शास्त्रीय गिटारचा विचार केला आहे, कारण एका खोलीत, हातहत्यारांनी आणि शेजाऱ्यांची झोपमोड न करता घडवता येण्याजोगी तीच आहे. तिचा आजचा रूपबंध ज्याच्या हातून स्थिरावला तो अंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) हा स्पेनमधील अल्मेरिया प्रांतातला, मूळ पेशाने सुतार. तारेची ६५० मिलिमीटर लांबी, मोठे अंग, आणि तबलीच्या आतल्या बाजूला पंख्यासारख्या पसरत गेलेल्या सात बारीक आधारकाड्या यांतील काही गोष्टी त्याच्या आधीही होत्या, परंतु त्यांचा मेळ घालून पुढच्या दीड शतकाला पुरेल असा नमुना त्याने दिला. १८६२ मध्ये त्याने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली एक गिटार केली, वाद्याचा आवाज प्रामुख्याने तबलीवर अवलंबून असतो हे दाखवण्यासाठी. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. उतारवयात अल्मेरियात चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान चालवता चालवता तो गिटारी करीत राहिला, म्हणजे या वाद्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा कारागीर आयुष्याच्या त्या टप्प्यात जोडधंदा म्हणूनच हे काम करीत होता, ही गोष्ट घरी गिटार करू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तोर्रेसनंतरही हे ज्ञान बराच काळ कार्यशाळांच्या भिंतींआडच राहिले. १९६६ मध्ये अर्व्हिंग स्लोन यांचे ‘क्लासिक गिटार कन्स्ट्रक्शन’ आणि १९८७ मध्ये विल्यम कंपियानो व जोनाथन नेटेलसन यांचे ‘गिटारमेकिंग : ट्रॅडिशन अँड टेक्नॉलॉजी’ ही पुस्तके निघाली, तेव्हा कुणाच्या हाताखाली उमेदवारी न केलेल्या वाचकालाही त्या भिंतींतून आत डोकावता आले.

तबलीचे रहस्य अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत आहे, लाकूड नीट उतरले की नाही हे तीच सांगतात, असे तोर्रेस म्हणत असे, अशी आठवण त्याच्या परिचयातील एका धर्मगुरूने नोंदवून ठेवली आहे. ही आठवण फार आवडीने सांगितली जाते, पण नवशिक्याने ती शब्दशः घेऊ नये, कारण बोटांना ते ज्ञान शेकडो पाट्या हाताळल्यानंतर येते आणि तोवर मापकावाचून गत्यंतर नसते. पाटीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अडीच मिलिमीटरांची पाटी सव्वादोन मिलिमीटरांवर आणली तर जाडी केवळ दहा टक्क्यांनी कमी होते, परंतु ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. म्हणजे रंध्याचे दोन-चार फटके जास्त बसले तर मूळ वाद्य हातून निसटते. नेहमीचा व्हर्नियर कॅलिपर फक्त पाटीच्या कडेची जाडी सांगतो, मधली सांगत नाही, आणि जाडी मधेच कळणे महत्त्वाचे असते. म्हणून दीड-दोन वीत खोल घशाचे मापक लागते. ते तयार विकत घेतले तर महाग पडते, परंतु मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात मिळणारे साधे डायल गेज प्लायवूडच्या इंग्रजी ‘यू’ आकाराच्या चौकटीवर बसवले की एका संध्याकाळी तसेच मापक घरी तयार होते. पाटीवर पेन्सिलीने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत तिथली जाडी लिहीत जाण्याची पद्धत कंटाळवाणी आहे, पण तिच्यासारखी भरवशाची दुसरी नाही.

कापणाऱ्या हत्यारांत पहिला मान रंध्याचा. तबली एका अखंड फळीची नसते. एकच जाड फळी पुस्तक उघडावे तशी मधोमध चिरून, दोन्ही पाने शेजारी ठेवून मधल्या रेषेवर जोडली जातात, म्हणजे डावी-उजवी बाजू एकमेकींचे प्रतिबिंब ठरतात. हा सांधा रंध्याने साधावा लागतो. त्यासाठी एक सपाट पाट, त्यावर पायरीसारखी दुसरी फळी, आणि तिच्या काठाला टेकवून आडवा सरकणारा रंधा अशी साधी मांडणी घरी करतात. दोन्ही पाने एकावर एक ठेवून त्यांच्या कडा एकदमच रंधल्या जातात, जेणेकरून रंधा किंचित कलला तरी दोन्ही चुका परस्परांना छेदतात. मग पाने एकमेकांना भिडवून खिडकीसमोर धरायची आणि फटीतून उजेड येतो का ते पाहायचे. उजेडाची तार दिसली की पुन्हा रंधा. इथे कुठलेही यंत्र डोळ्याच्या बरोबरीला येत नाही.

रंधा कोणत्या कंपनीचा, यापेक्षा त्याची धार कशी, हा प्रश्न मोठा आहे. तबलीसाठी वापरले जाणारे स्प्रूसचे लाकूड मऊ असते; बोथट पाते त्याला कापत नाही, चिरडते. उलट पाठ आणि बाजूंसाठी वापरल्या जाणाऱ्या शिसवीचे धागे एकमेकांत अडकलेले असल्याने तेथे कमी धारेचे पाते खपल्या उपटते. म्हणून एक खरखरीत व एक मुलायम असे दोन निसणे, पाते ठरावीक कोनात धरणारी छोटी चाकाची घोडी आणि शेवटी चामड्याची पट्टी, एवढा सरंजाम जमवून धार लावण्याची विद्या आधी हस्तगत करावी आणि मगच लाकडाला हात घालावा, हे योग्य. महाराष्ट्रातील वाद्यनिर्मितीच्या इतिहासात या क्रमाचे एक बोलके उदाहरण आहे : मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतार-तंबोऱ्याची कारागिरी ज्या शिकलगार घराण्यांनी रुजवली, त्यांचा मूळ व्यवसाय शस्त्रे घडवण्याचा आणि त्यांना धार-पाणी करण्याचा होता. तलवारींचे दिवस सरल्यावर त्या हातांना वाद्ये मिळाली, आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शिसवीवर रंध्यापेक्षा उपयोगी ठरणारे दुसरे साधन म्हणजे स्क्रेपर, अर्थात पत्त्याएवढा पोलादी पत्रा. त्याची कड आधी कानशीने चौकोनी करून, मग कठीण पोलादी कांबीने घासून तिला डोळ्यांनाही न दिसणारा आकडा आणला की तो केसाएवढी पातळ सालपटे काढतो. आणि सालपटांऐवजी भुकटी पडू लागली की आकडा मेला असे समजून पुन्हा कांब हाती घ्यायची. किमतीने सर्वांत स्वस्त आणि आत्मसात करायला सर्वांत अवघड असे हत्यार निवडायचे झाल्यास ते हेच.

बाजूच्या पट्ट्या वाकवणे हा भाग बाहेरून जादूसारखा दिसतो, परंतु त्यामागचे तत्त्व सरळ आहे. लाकडाच्या पेशी एकमेकांना बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य उष्णतेने मऊ होते आणि थंड होताच पुन्हा घट्ट होते. म्हणून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची पट्टी पाण्याने ओलावून, तापलेल्या धातूच्या नळीवर दाबत आणि सरकवत नेली की हव्या त्या वळणाची होते. विजेवर तापणारी तयार साधने मिळतात, आणि दोन-तीन इंच व्यासाच्या लोखंडी नळीत ब्लोटॉर्चची ज्योत सोडून केलेली घरगुती मांडणीही काम देते, मात्र नळी वीट वा लोखंडी पायावर पक्की बसवलेली हवी, जवळ पाण्याची बादली हवी, आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये. तापमानाची घरगुती परीक्षा पाण्याच्या थेंबाने होते : थेंब नळीवर पडून बसून राहिला तर उष्णता कमी आहे, नाचत घरंगळला तर पुरेशी आहे. घाई केली की पट्टी कमरेच्या उलट्या वळणावर, म्हणजे गिटार जिथे आत येते तिथे, हमखास मोडते. म्हणून शिसवीच्या दोनच पट्ट्या घेऊन या कामाला बसणे शहाणपणाचे नाही, एखादी स्वस्त लाकडाची पट्टी सरावासाठी हाताशी असावी.

आता धरणाऱ्या साधनांकडे. स्पॅनिश पद्धतीचा पाया म्हणजे सोलेरा, गिटारच्या आकाराचा आणि दांडीच्या लांबीचा एक जाड, सपाट पाट, ज्याच्या मध्यभागी दोन-तीन मिलिमीटर खोल, उथळ खोलगट भाग कोरलेला असतो, म्हणजे त्यावर पालथी दाबलेली तबली किंचित फुगीर होऊनच चिकटते आणि तारांचा ताण अधिक चांगला सोसते. संपूर्ण वाद्य या पाटावर उपडे बांधले जाते : आधी तबली आणि दांडी, मग दांडीच्या टाचेत कापलेल्या खाचांत बाजूच्या पट्ट्या, आणि शेवटी पाठ. दांडी सुरुवातीपासूनच अंगाचा भाग असल्याने ती नंतर कोनात बसवण्याची कटकट उरत नाही, आणि बाहेरून सांगाड्याला धरणारा अवजड साचाही लागत नाही. एकट्या माणसाला घरी ही पद्धत का मानवते ते यावरून कळावे. सोलेरा नीट झाली तर पुढचे अर्धे मोजमाप तीच सांभाळते. ती वाकडी झाली तर गिटारही तितकीच वाकडी होते, म्हणून तिच्यासाठी उत्तम प्लायवूड आणि दोन सुट्यांचे दिवस खर्च करण्यात कंजुषी करू नये.

तबलीच्या आतल्या सात काड्या एकाच वेळी चिकटवायच्या तर तेथपर्यंत शिकंजा पोहोचत नाही. यावरचा उपाय फारच सुरेख आहे. काम ज्या पाटावर ठेवले आहे त्याच्या वर, चार खांबांवर दुसरा पाट छपरासारखा बसवायचा, आणि दोन्हींमधल्या अंतराहून थोड्या लांब अशा लवचीक काठ्या वाकवून त्यांमध्ये अडकवायच्या. प्रत्येक काठी सरळ होऊ पाहते आणि त्या धडपडीत खालची काडी दाबून धरते. पाश्चात्त्य कार्यशाळांत यासाठी फायबरग्लासच्या कांड्या वापरतात, परंतु बांबूच्या चांगल्या तासलेल्या कांबी तेच काम करतात. बाजूच्या पट्ट्यांची कड जेमतेम दोन मिलिमीटरांची, तिला तबली-पाठ चिकटायला जागा मिळावी म्हणून आतून अस्तराच्या पट्ट्या लावतात, आणि त्या धरून ठेवायला जगभरचे कारागीर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटेच वापरतात, फार तर त्यांच्यावर रबराची वेटोळी चढवून. कडेची नक्षीपट्टी बसवताना स्पेनमध्ये अख्खे वाद्य लांब सुती दोरीने करकचून गुंडाळतात. एवढे पाहिल्यावर महागड्या क्लॅम्पांची रांग विकत घेण्याची गरज आपोआप कमी होते. मध्यम आकाराचे पाच-सहा सी क्लॅम्प पुरतात.

सांधणारे द्रव्यही एका अर्थी हत्यारच. जनावरांच्या कातड्यापासून केलेला पारंपरिक सरस रात्रभर पाण्यात भिजवून, ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत, उकळी न येऊ देता, गरम करून वापरतात. त्यासाठी खास पातेले असते, पण गरम पाण्यात ठेवलेली काचेची बरणी आणि एक थर्मामीटर एवढ्याने भागते. हा सरस फार लवकर आळतो, ही नवशिक्याची अडचण. आणि उष्णता व वाफ दिली की सांधा पुन्हा उकलतो, हा पुढच्या पिढीच्या दुरुस्ती करणाऱ्यावरचा उपकार. पिवळा कारपेंटर ग्लू अधिक सवड देतो. पहिल्या वाद्याला तो वापरण्यात कमीपणा काही नाही.

मोजमापाची खरी कसोटी पडद्यांच्या जागा आखताना लागते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे असतात. गिटारचे पडदे धातूचे, दांडीवरच्या पट्टीत कायमचे ठोकलेले असतात, त्यामुळे चूक झाल्यास वाजवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. सप्तक बारा समान भागांत वाटायचे तर प्रत्येक पडद्यावर तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागून पुढचे अंतर मिळते : ६५० मिलिमीटरांच्या तारेसाठी पहिले अंतर ३६.४८, दुसरे ३४.४३, आणि बारावा पडदा नेमका ३२५ वर, म्हणजे मध्यावर. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात यासाठी १८ हा सोपा भाजक सुचवला होता आणि पुढे कित्येक शतके कारागीर तोच वापरीत आले. त्याने आखले तर बारावा पडदा मध्यापासून जवळजवळ अडीच मिलिमीटर चुकतो, जे कानाला खुपते. दुसरी चूक अंकगणिताची नसून हाताची असते : प्रत्येक पडदा आधीच्या पडद्यापासून मोजत गेले तर बारीकसारीक चुका साचत जातात, म्हणून सगळी अंतरे दांडीच्या टोकाच्या पट्टीपासूनच मोजावीत आणि त्यांसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, धारदार चाकूची रेघ आणि गुण्या वापरावा, पेन्सिलीची रेघच मुळी पाव मिलिमीटर जाड असते. खाच पाडण्यासाठी मात्र एक हत्यार विकतच घ्यावे लागते. पडद्याच्या तारेखालची काटेरी जीभ खाचेत घट्ट रुतली पाहिजे, त्यासाठी सुमारे ०.६ मिलिमीटर रुंदीचीच खाच पाडणारी बारीक दातांची करवत लागते, आणि साध्या करवतीने तिची बरोबरी होत नाही. त्यानंतर हातोडी, सपाट कानस, आणि पडद्यांचा माथा पुन्हा गोलसर करणारी खोलगट कानस. बाकी सर्व कामचलाऊ चालेल, या चार वस्तूंत तडजोड करू नये.

घरगुती जुगाडाची मर्यादा कुठवर जाते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र शास्त्रीय गिटारचे नाही, विजेवरच्या गिटारचे आहे. १९६३ मध्ये लंडनजवळ ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाने, इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते असलेल्या वडिलांच्या मदतीने, घरच्या हातहत्यारांनी एक गिटार करायला घेतली आणि सुमारे दोन वर्षांत ती पुरी केली. तिची दांडी एका जुन्या शेकोटीच्या महोगनी फळीची होती, आणि त्या फळीतली वाळवीसारख्या किड्याची भोके काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली होती. पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या घासून केलेल्या, अंगाच्या आतला ओकचा भाग जुन्या टेबलाचा, आणि तारांचा ताण क्षणभर सैल करून स्वर हेलकावणारी यंत्रणा धारदार पोलादी पात्यावर तोललेली व मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी रोखलेली. तारेची थरथर विजेत रूपांतरित करणारी पिकअपही मुलाने प्रथम घरीच गुंडाळली. पण वाजवताना तार खेचली की त्यांतून नको तो आवाज येई, म्हणून शेवटी ती बाजारातून घ्यावी लागली. काय घरी करावे आणि कुठे पैसे टाकून मोकळे व्हावे, याचा विवेक या एका निर्णयात दिसतो. हीच ‘रेड स्पेशल’ पुढे क्वीन या बँडच्या ध्वनिमुद्रणांतून जगाने ऐकली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला होता, एवढाच तिचा महाराष्ट्राशी दूरचा संबंध.

जवळचा संबंध लाकडाचा आणि हवेचा आहे. जगभरच्या गिटारींची पाठ ज्या ‘इंडियन रोजवूड’ची असते ते म्हणजे पश्चिम घाटात वाढणारी शिसव. ब्राझीलमधील रोजवूड दुर्मीळ होत गेले तसे मार्टिन या अमेरिकी कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला, आणि ब्राझिलियन जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये धोक्यातील वन्य जातींच्या व्यापारावरील साइट्स करारान्वये जवळपास बंदच झाला. २०१७ मध्ये शिसवीच्या वंशातील उरलेल्या सर्व जातीही त्या कराराच्या नियंत्रणाखाली आल्या आणि २०१९ च्या अखेरीस पूर्ण झालेल्या वाद्यांना त्यातून सूट मिळाली. घरी करणाऱ्याने वखारीतून लाकूड घेताना पावती मागावी, आणि चार मिलिमीटरांच्या पट्ट्या वखारीतल्या बँडसॉवरच चिरून घ्याव्यात. हे काम हाताने करण्यात पुरुषार्थ असेल, पण लाकडाची नासाडीही आहे.

हवेसाठी लागणारे हत्यार म्हणजे आर्द्रतामापक, आणि यादीत सर्वांत जास्त वेळा गाळले जाते तेही तेच. लाकूड हवेतला ओलावा घेऊन आडवे फुगते आणि तो सोडून आकसते. सुमारे ३७० मिलिमीटर रुंदीची स्प्रूसची तबली ८० टक्के आर्द्रतेत चिकटवली आणि पुढे ४० टक्के आर्द्रतेत गेली, तर ती काही मिलिमीटर आकसू पाहते, आडव्या काड्या तिला आकसू देत नाहीत, आणि मग ती तडकते. म्हणून कारागीर तबलीचे काम ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत करतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने असे वातावरण यंत्राशिवाय मिळत नाही. त्या काळात दांडी कोरावी, साचे करावेत, पट्ट्या वाकवून ठेवाव्यात आणि काड्या चिकटवण्याचे काम कोरड्या महिन्यांवर टाकावे. पुण्याकडे किंवा देशावर ही अडचण थोडी कमी, विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र ती उलट बाजूने उभी राहते.

विजेच्या यंत्रांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. कडेच्या पट्टीसाठी खाच पाडणारा हातातला राउटर वेळ वाचवतो, आणि एका क्षणात पूर्ण झालेले अंग फोडूही शकतो; तेच काम कापणारे पाते बसवलेल्या मार्किंग गेजने सावकाश होते. यंत्र असो वा नसो, शिसवीची धूळ अनेकांना त्वचेची व श्वासाची ॲलर्जी देते, तेव्हा मास्कशिवाय पॉलिश पेपर हाती घेऊ नये. अखेरचा हात चपड्याचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवत नेण्याची फ्रेंच पॉलिशची रीत जुन्या फर्निचरवाल्यांना चांगली ठाऊक आहे, आणि जगाच्या बाजारातला बराचसा चपडा भारतातूनच जातो. यंत्राने फवारलेल्या जाड लॅकरपेक्षा हा थर पातळ असतो व तबलीला कमी अडवतो, आणि घरी तो फवारणीच्या खोलीवाचून चढवता येतो.

तारा चढल्यावर उरते ते हाडाच्या दोन छोट्या पट्ट्यांचे काम, एक दांडीच्या टोकाशी आणि दुसरी घोडीवर. टोकाच्या पट्टीतल्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीच्या बारीक कानशींनी पाडतात. घोडीची पट्टी अशी उतरवतात की बाराव्या पडद्यावर पातळ तार सुमारे तीन आणि जाड तार चार मिलिमीटर उंच राहील, आणि तार दाबल्याने चढणारा स्वर भरून काढण्यासाठी घोडी दीड-दोन मिलिमीटर मागे बसवलेली असते. तंबोऱ्याची जवारी काढणारा मिरजेचा कारागीर घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, आणि पुन्हा घासतो. गिटारच्या बाबतीत मोजपट्टी बरेच सांगते, तरी शेवटचे दोन-तीन घासे इथेही कानानेच ठरतात. नवी नायलॉनची तार काही दिवस सैल होत राहते, त्याच काळात तबलीही ताणाखाली थोडी वर येते व तारांची उंची बदलते, म्हणून पहिली पट्टी मुद्दाम किंचित उंच ठेवून महिन्याभराने ती पुन्हा उतरवावी, आणि ती जास्त उतरलीच तर हाडाचा एक जादा तुकडा डब्यात ठेवलेला असावा.